धावपट्टी आधी, टर्मिनल मागाहून

संगणकावर विमान चालवण्याचा अनुभव देणाऱ्या फ्लाइट सिम्युलेटरविषयी आलेल्या पत्रांपैकी या वेळी आम्ही एकाच विषयावरची पत्रे निवडली आहेत. मूळ सिम्युलेटरमध्ये लहान विमानतळ बहुधा ओबडधोबड असतात, म्हणून त्यांची वेगळी सीनरी, म्हणजे विमानतळ व परिसराचे तयार दृश्य, विकत किंवा फुकट घेऊन बसवली जाते. ती पारखायची कशी, हा सगळ्या पत्रांचा गाभा आहे.

प्रश्न : मी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ वापरतो आणि बहुतेक वेळ एटीआर ७२-६०० हेच विमान चालवतो. सिंधुदुर्गातील चिपी विमानतळाची सीनरी बसवावी असे मनात आहे. मात्र जाहिरातीतली चित्रे पाहिली की प्रत्येक विमानतळाची प्रत्येक सीनरी उत्तमच वाटते. पैसे देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर नेमके काय तपासावे? — एक वाचक, सातारा

उत्तर : जाहिरातीतली चित्रे बहुधा टर्मिनलची असतात, आणि सीनरी पारखताना टर्मिनल सर्वांत शेवटी पाहावे असे आमचे स्पष्ट मत आहे. दोन-चार चांगली छायाचित्रे हाताशी असली की टर्मिनलची इमारत कोणताही बरा कलाकार उभी करतो. परंतु धावपट्टी जागच्या जागी, योग्य उंचीवर आणि योग्य खुणांसह बसवण्यासाठी कागदपत्रे वाचावी लागतात, आणि आळस होतो तो तिथेच. शिवाय वैमानिकाच्या खुर्चीतून टर्मिनल दिसते ते विमान उभे करताना. उतरण्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत नजर धावपट्टीवर आणि तिच्या भोवतालच्या जमिनीवरच खिळलेली असते.

पारखण्यासाठी लागणारा मुख्य दस्तऐवज फुकट मिळतो. भारतीय विमानतळ प्राधिकरण देशातल्या विमानतळांची अधिकृत माहिती एआयपी या नावाने संकेतस्थळावर प्रसिद्ध करते, आणि तीत होणारे बदल २८ दिवसांच्या ठरलेल्या चक्रानुसार लागू होतात. त्यातील प्रत्येक विमानतळाच्या प्रकरणाची मांडणी जगभर सारखीच असते : एडी २.२ मध्ये विमानतळाचे स्थान व उंची, २.१२ मध्ये धावपट्टीची लांबी, रुंदी, दिशा आणि दोन्ही उंबरठ्यांचे (उतरण्याजोगी धावपट्टी जिथून सुरू होते त्या टोकांचे) अक्षांश-रेखांश, २.१४ मध्ये दिवे, तर २.१९ मध्ये दिशादर्शक रेडिओ यंत्रणा. ही चार कोष्टके समोर उघडी ठेवली की निम्मी परीक्षा तिथेच होते.

चिपीचेच उदाहरण घेऊ. वेंगुर्ले तालुक्यातील परुळे-चिपीच्या सड्यावरचा हा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. त्याची धावपट्टी २,५०० मीटरची असून ती जवळजवळ पूर्व-पश्चिम, म्हणजे ०९/२७ अशी आहे. विमान एका उंबरठ्यावर उभे करून सिम्युलेटर दाखवतो ते अक्षांश-रेखांश टिपून घ्यावेत, मग दुसऱ्या टोकाला जाऊन तेच करावे. त्या अक्षांशावर रेखांशाचा एक सेकंद म्हणजे जवळपास ३० मीटर, तेव्हा दोन टोकांच्या रेखांशांत सुमारे ८४ सेकंदांचा फरक यायला हवा. तो ८० सेकंदच आला, तर निर्मात्याने शंभराहून अधिक मीटर धावपट्टी खाल्ली आहे असे समजावे. फरक बरोबर आला पण दोन्ही टोके एआयपीतल्या आकड्यांपेक्षा एकाच बाजूला सरकलेली दिसली, तर उपग्रह चित्रच मुळात सरकलेले असून निर्मात्याने त्यावर डोळे मिटून धावपट्टी रेखली आहे. पहिला दोष मोठा. दुसरा दोष डोळ्यांनी धावपट्टी पाहून उतरणाऱ्याला जाणवणारही नाही; परंतु विमानाच्या संगणकातील माहिती जुळत नसल्यामुळे उपग्रहाधारित मार्गाने येणारे विमान धावपट्टीच्या कडेला येऊन पोहोचते.

उंची तपासणेही सोपे आहे. सिम्युलेटरमध्ये हवामान प्रमाण वातावरणावर ठेवावे, उंचीमापकावर १०१३ हा दाब लावावा आणि उंबरठ्यावर उभे राहून काटा वाचावा. विमानाची स्वतःची काही फुटांची उंची वजा केली की आकडा त्या उंबरठ्याच्या प्रकाशित उंचीशी जुळला पाहिजे. इथे एक घोटाळा टाळावा : विमानतळाची म्हणून जी एकच उंची दिलेली असते, ती उतरण्याच्या क्षेत्रातील सर्वांत उंच बिंदूची असते, म्हणून ती दोन्ही उंबरठ्यांना लावू नये.

त्यानंतर खुणा पाहाव्यात. उंबरठ्यावरचे पांढरे पट्टे शोभेचे नसतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्यांची संख्या धावपट्टीच्या रुंदीवरून ठरते. ३० मीटर रुंदीला ८ पट्टे, ४५ मीटर रुंदीला १२. त्याचप्रमाणे विमान टेकवण्याचे लक्ष्य दाखवणाऱ्या दोन जाड आयतांची जागाही ठरलेली असते : उतरण्यासाठी २,४०० मीटर किंवा अधिक अंतर उपलब्ध असेल तर उंबरठ्यापासून ४०० मीटरांवर, १,२०० ते २,४०० मीटरांच्या दरम्यान असेल तर ३०० मीटरांवर. प्रत्यक्षात मार्गदर्शक दिव्यांशी मेळ घालण्यासाठी ही जागा थोडी हलवली जाते, तेव्हा दहा-वीस मीटरांवरून निर्मात्याला दोष देऊ नये. पण ४५ मीटर रुंदीच्या पट्टीवर ८ पट्टे दिसले, तर त्याने दुसऱ्या कुठल्या तरी विमानतळाची चित्रे उचलून इथे चिकटवली आहेत हे नक्की.

धावपट्टीशेजारचे चार ‘पापी’ (पीएपीआय) दिवे, म्हणजे उतरण्याचा कोन बरोबर आहे का हे रंगाने सांगणारे दिवे, ही मला सर्वांत बोलकी परीक्षा वाटते. तीन अंशांच्या उतारावर असताना उंबरठ्यापासून तीन सागरी मैलांवर विमान धावपट्टीपेक्षा सुमारे साडेनऊशे ते हजार फूट उंच असते आणि त्या वेळी दोन दिवे पांढरे व दोन लाल दिसायला हवेत. चारही पांढरे म्हणजे आपण फार उंच, चारही लाल म्हणजे फार खाली. तेवढ्या अंतरावर, तेवढ्याच उंचीवर आणि मुख्य म्हणजे एआयपीत दिलेला कोन पाहून ही परीक्षा घ्यावी. काही ठिकाणी अडथळ्यांमुळे कोन तीन अंशांहून जास्त ठेवलेला असतो आणि तो सीनरीतही तसाच असला पाहिजे. निर्मात्याने दिवे नुसते चित्र म्हणून ठेवले असतील, तर ते कुठूनही पाहिले तरी रंग बदलत नाहीत. अशी सीनरी तत्काळ काढून टाकावी, मग तिच्या टर्मिनलच्या खिडकीतून आतल्या खुर्च्या का दिसेनात!

आपण एटीआर चालवता, त्यामुळे ॲप्रनकडे (विमाने उभी करण्याच्या फरसबंद जागेकडे) जरा वेगळ्या नजरेने पाहायला हवे. या विमानात प्रवासी मागच्या डाव्या दाराने चढतात आणि त्या दाराला स्वतःचीच शिडी असते. पुढचे दार सामानाचे. लहान विमानतळाला भारदस्तपणा यावा म्हणून एखाद्या निर्मात्याने प्रत्यक्षात नसलेला हवाई पूल टर्मिनलला जोडला, तर आपल्यासाठी तो निव्वळ अडथळा आहे. पार्किंगच्या जागांची त्रिज्याही पाहावी. एटीआर ७२ च्या पंखांचा विस्तार सुमारे २७ मीटर, तर शार्कलेट (पंखांच्या टोकांची वर वळलेली पाती) असलेल्या एअरबस ए३२० चा जवळपास ३६ मीटर असतो. सर्वच जागा एटीआरच्या मापाच्या ठेवल्या, तर सिम्युलेटरमधली इतर एअरबस विमाने तिथे थांबणार नाहीत आणि उभे राहायला जागाच नाही असा निरोप येईल.

भोवतालच्या प्रदेशाकडे मी धावपट्टीखालोखाल लक्ष देतो, कारण दृष्टीने उतरताना वैमानिक त्याच्याच आधाराने येतो. चिपीच्या उत्तरेला कर्लीच्या खाडीचे मुख आहे. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी असलेली देवबागची चिंचोळी वाळूची पट्टी हवेतून चुकता चुकत नाही. निवतीचा किनारा, मालवणसमोरचा सिंधुदुर्ग किल्ला, जांभ्याचा उघडा सडा आणि त्याखालच्या घळींतली माडा-पोफळीची दाट झाडी, एवढे नीट असले तर विमानतळाजवळच्या घरांची कौले थोडी युरोपी वळणाची दिसली तरी मी सोडून देईन. मात्र सड्यावर उंच सूचिपर्णी झाडे उगवलेली दिसली, तर सिम्युलेटरची आपोआप झाडे लावणारी यंत्रणा निर्मात्याने तशीच मोकाट सोडली आहे असे समजावे. सडा पावसाळ्यात हिरवागार आणि फेब्रुवारीनंतर करडा-तपकिरी असतो. उपग्रह चित्र मात्र एकाच ऋतूचे असते, त्यामुळे या बाबतीत फार ताणून धरण्यात अर्थ नाही.

खरेदीपूर्वी विक्रेत्याला विचारायचे प्रश्न थोडे आहेत. सीनरी शेवटची कधी सुधारली, ती २०२४ साठी तपासलेली आहे की २०२० ची तशीच पुढे आणली आहे, जमिनीचा आकार सोबत दिलेला आहे का, आणि उतरण्याच्या मार्गांची माहिती मूळ सिम्युलेटरची ठेवली आहे की पुसली आहे. शेवटचा प्रश्न विसरू नये. विमानतळ नव्याने बसवताना मूळची आयएलएस (रेडिओ लहरींनी उतरण्याचा मार्ग दाखवणारी यंत्रणा) व उतरण्याच्या पद्धतींची नोंद पुसण्याची सोय निर्मात्याला असते; ती वापरून त्याने नवी माहिती भरली नाही, तर देखणा विमानतळ मिळतो आणि विमानाच्या संगणकात त्याच्या नावापुढे काहीच उमटत नाही. पैसे परत मिळण्याच्या अटी प्रत्येक दुकानाच्या वेगळ्या असतात. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी वापर असेल तर परतावा मागता येतो. अन्यत्र अनेक ठिकाणी एकदा फाइल उतरवून घेतली की विषय संपतो. म्हणून चित्रांपेक्षा कोणीतरी प्रत्यक्ष उतरतानाची, शक्यतो संध्याकाळची, सलग चित्रफीत शोधावी. ती कुठेच सापडत नसेल तर थांबावे.

प्रश्न : मी मूळचा पेडण्याचा, सध्या दुबईत असतो. हौसेने मोपा विमानतळाची सीनरी घेतली. धावपट्टीच्या टोकाला जमीन भिंतीसारखी सरळ खाली जाते आणि धावताना एका ठिकाणी विमान उसळते. दोष सीनरीचा की माझ्या संगणकाचा? — एक वाचक

उत्तर : संगणकाचा नव्हे. हा जमिनीच्या आकाराचा, सिमवाले ज्याला मेश म्हणतात त्याचा दोष आहे. जगातल्या बऱ्याचशा भागाची उंचीची माहिती अनेक सिम्युलेटर आणि जोड-मेश ज्या सर्वेक्षणातून घेतात, ते अमेरिकेच्या अंतराळयानाने फेब्रुवारी २००० मध्ये केले होते. त्या माहितीत साधारण दर ३० मीटरांवर एक उंची नोंदलेली आहे. मोपावरून प्रवासी विमाने उडू लागली ती ५ जानेवारी २०२३ पासून. म्हणजे त्या सर्वेक्षणाच्या दृष्टीने तिथे विमानतळ नाहीच. पठाराचा मूळचा चढउतार, जो पुढे यंत्रांनी कापला आणि भरला, तो सगळा जागच्या जागी आहे. निर्मात्याने जमिनीला हात न लावता त्यावर धावपट्टी अंथरली की ती तरी उंचवट्यांवरून लाटांसारखी जाते, किंवा सिम्युलेटर तेवढाच आयत सपाट करतो आणि त्याच्या कडेला भिंत उभी राहते.

या गोष्टीचे सर्वांत ठळक उदाहरण नवी मुंबईचे आहे. तिथे विमानतळासाठी सुमारे ९० मीटर उंचीची उलवे टेकडी फोडून सपाट करण्यात आली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला. जुन्या मेशमध्ये ती टेकडी अजूनही उभी आहे. तिथली सीनरी तपासायची तर टर्मिनल न पाहता आधी टेकडी गेली का आणि नदी नव्या मार्गाने वाहते का, एवढेच पाहावे.

मोपाच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी बाळगावी. विमानतळ पठारावर असल्यामुळे कडेला जमीन खरोखरच उतरते, तेव्हा उतार दिसला म्हणजे चूक झाली असे नाही. खरा उतार नैसर्गिक कडेच्या रेषेने वळत जातो आणि त्यावर झाडी व ओघळ असतात. खोटी भिंत धावपट्टीला समांतर, मोजपट्टीने आखल्यासारखी असते आणि तिच्यावर जमिनीचे चित्र ताणलेले दिसते. आपल्या वर्णनावरून ती दुसऱ्या प्रकारची वाटते.

विमान उसळण्यामागे आणखी एक कारण असू शकते. कम्युनिटी फोल्डरमध्ये (जोड-सीनरी ठेवण्याच्या जागेत) त्याच विमानतळाची दुसरी, आधी कधीतरी उतरवलेली फुकट सीनरी राहून गेली असेल, तर दोन्ही आपापल्या उंचीची जमीन मांडतात आणि त्यांच्या सांध्यावर चाके आपटतात. सर्व जोड-सीनरी तात्पुरत्या बाहेर काढून फक्त मोपाची ठेवावी व पुन्हा धावून पाहावे. उसळणे थांबले तर एकेक परत आत घ्यावी. तरीही ते कायम राहिले, तर निर्मात्याला त्या जागेच्या अक्षांश-रेखांशासह कळवावे. नुसते ‘विमान उसळते’ असे लिहिल्यास उत्तर येत नाही, हा सर्वांचाच अनुभव आहे.

मायक्रोसॉफ्टच्या जुन्या एफएसएक्स (फ्लाइट सिम्युलेटर एक्स) सिम्युलेटरमध्ये प्रत्येक विमानतळ मुळातच एका पातळीत सपाट असे, त्यामुळे या तक्रारीला वावच नव्हता. पण त्याच कारणाने नेपाळमधील लुक्ला तिथे लुक्ला वाटत नसे. त्याची धावपट्टी ५२७ मीटर लांब आणि सुमारे ११.७ टक्के चढाची आहे. म्हणजे खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत सुमारे ६० मीटरांचा फरक पडतो, आणि म्हणूनच तिथे उतरायचे चढावर आणि उडायचे उतारावर. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या आवृत्तीत लुक्ला मुळातच हाताने घडवलेला आहे. उताराची धावपट्टी नीट बांधली म्हणजे कशी वाटते हे पैसे न देता पाहायचे असेल, तर एकदा तिथे उतरून पाहावे.

प्रश्न : एका प्रादेशिक विमानतळाची नवी सीनरी बसवल्यापासून त्या परिसरात गेले की चित्र अडखळते. माझ्या ग्राफिक्स कार्डाची मेमरी ८ जीबी आहे. लहानशा विमानतळाने एवढा भार का यावा? — एक वाचक, नाशिक

उत्तर : विमानतळाच्या आकाराचा आणि भाराचा फारसा संबंध नसतो. हिशोब करून पाहा. ४०९६ गुणिले ४०९६ बिंदूंची एक प्रतिमा म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख बिंदू. नेहमीच्या दाबलेल्या स्वरूपात ती १६ एमबी जागा घेते आणि दूरून पाहण्यासाठीच्या तिच्या लहान प्रती धरल्या तर २१ एमबीच्या आसपास. पण एका पृष्ठभागाला सहसा तीन प्रतिमा लागतात : रंगाची, उंचसखलपणाची आणि चकाकी-खरखरीतपणाची. म्हणजे एका भिंतीच्या साहित्याला ६४ एमबी. असे ४० प्रकार वापरले की अडीच जीबी संपले, आणि त्यात विमान, ढग व जमीन धरलेली नाही. अनुभवी निर्माता लहानसहान वस्तूंची चित्रे एकाच प्रतिमेत दाटीवाटीने बसवतो. नवखा निर्माता कचऱ्याच्या डब्यालाही स्वतंत्र ४०९६ बिंदूंची प्रतिमा देतो. दूर गेल्यावर वस्तूचे साधे रूप दाखवण्याची सोय केली नसेल, तर दहा मैलांवरूनही प्रत्येक खुर्चीचा प्रत्येक पाय संगणक रेखत बसतो.

दोष याच सीनरीचा आहे की नाही हे ठरवताना तुलना सारख्या परिस्थितीत करावी. तेच विमान, तीच जागा, दिवसाची तीच वेळ, निरभ्र हवामान आणि इतर विमानांची रहदारी बंद. एकदा सीनरीसह आणि एकदा तिच्याविना. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड चालू केल्यास फ्रेम रेटचे कोष्टक दिसते आणि अडथळा मुख्य प्रोसेसरच्या धाग्यामुळे (त्याच्या एका सलग कामाच्या ओळीमुळे) आहे की ग्राफिक्स कार्डामुळे, हेही तिथे लिहिलेले असते. ग्राफिक्स कार्डाकडे बोट असेल तर प्रतिमांचा दर्जा एक पायरी खाली आणावा; मुख्य धाग्याकडे असेल तर त्या उपायाचा उपयोग नाही, दूरच्या वस्तूंच्या तपशिलाची मर्यादा कमी करावी लागेल. काही निर्माते त्याच सीनरीसोबत निम्म्या आकाराच्या प्रतिमांचा संचही देतात. तो आहे का ते आधी पाहावे.

प्रश्न : मी एक्स-प्लेन १२ हा सिम्युलेटर वापरतो. कोल्हापूर विमानतळाची सीनरी त्यात आधीपासूनच आहे, मग पैसे देऊन दुसरी घेण्यात काही हशील आहे का? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : एक्स-प्लेनचे बहुतेक विमानतळ जगभरच्या हौशी लोकांनी वर्ल्डएडिटर या फुकट साधनाने बनवून सीनरी गेटवेवर दिलेले असतात, आणि पसंत ठरलेले तिथून सिम्युलेटरच्या पुढच्या आवृत्तीत येतात. त्यांची धावपट्टी, टॅक्सीवे (धावपट्टीकडे नेणारे रस्ते) आणि खुणा अनेकदा विकतच्या सीनरीपेक्षा बिनचूक असतात, कारण चूक दिसली की दुसरा कोणी दुरुस्त करून पाठवतो. मर्यादा एकच आहे : गेटवेवरच्या विमानतळात सिम्युलेटरच्या भांडारातल्याच तयार वस्तू वापरता येतात. कोल्हापूरच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी पुण्याच्या नव्या टर्मिनलबरोबरच झाले. त्याच्या काळ्या दगडाच्या कमानी या भांडारात मिळणार नाहीत, तिथे एखादी काचेची सर्वसाधारण इमारतच उभी दिसेल. उजळाईवाडीला त्या कमानी पाहिल्याखेरीज आपल्याला चैन पडत नसेल तर पैसे द्यावेत, एरवी नाही. द्यायचेच ठरले तर सीनरीतले टर्मिनल मार्च २०२४ नंतरचे आहे का आणि धावपट्टीची लांबी आजच्या एआयपीशी जुळते का, हे आधी पाहावे. कोल्हापूरची धावपट्टी वाढवण्यात आली असल्यामुळे जुन्या सीनरीत ती आखूड असणार.

बसवल्यानंतर इमारती एकमेकींत घुसलेल्या दिसल्या, तर कस्टम सीनरी फोल्डरमधल्या सीनरी-पॅक्सच्या यादीत क्रम तपासावा. वरची ओळ खालच्या ओळीवर मात करते; म्हणून विकत घेतलेला विमानतळ वर, मूळच्या जागतिक विमानतळांची ओळ त्याखाली आणि जमिनीची छायाचित्रे व मेश तळाशी असावेत. काही वस्तू गायबच असतील, तर ओपनसीनरीएक्ससारखे एखादे फुकट भांडार बसवायचे राहिले आहे. कोणते, ते एक्स-प्लेनच्या लॉग फाइलमध्ये स्पष्ट लिहिलेले असते.

प्रश्न : माझी मुलगी वैमानिक प्रशिक्षणासाठी गोंदियाला जाणार आहे. त्या विमानतळाची चांगली सीनरी घरी बसवून दिली तर तिला उपयोग होईल का? — एक पालक, धुळे

उत्तर : होईल, पण मर्यादित. घरच्या सिम्युलेटरवर घालवलेले तास परवान्यासाठी धरले जात नाहीत. त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेले उपकरण लागते. सिम्युलेटरमधले नकाशे आणि रेडिओच्या वारंवारताही खऱ्या उड्डाणासाठी कधीच वापरू नयेत. उपयोग आहे तो परिसर ओळखीचा होण्यापुरता : धावपट्टीची दिशा, टॅक्सीवेची नावे, विमानतळाभोवती घ्यायच्या फेरीत कोणत्या खुणेवर वळायचे, हे डोळ्यांत बसते आणि पहिल्या काही दिवसांतला गोंधळ कमी होतो.

त्यामुळे सीनरी निवडताना टर्मिनलचा विचारच करू नये. सेस्ना १७२ सारख्या लहान विमानाने धावपट्टीपासून हजार फुटांवर फेरी घ्यावी आणि खाली काय दिसते ते पाहावे. गोंदिया-भंडाऱ्याचा मुलूख माजी मालगुजारी तलावांचा आहे. प्रशिक्षणार्थीला वळणाची खूण म्हणून तलावाहून चांगले काही नाही. पण उपग्रह चित्र उन्हाळ्यातले असेल तर तलावांचे पाणी आकसलेले दिसते आणि भातखाचरे मातकट, तर पावसाळ्यानंतर तोच प्रदेश ओळखू येत नाही. सीनरीच्या निर्मात्याने पाण्याच्या कडा हाताने आखल्या असतील तर हा प्रश्न सुटतो. आखल्या आहेत की नाही, हे तलावाच्या काठाशी विमान नेल्यावर लगेच कळते : आखलेल्या पाण्यावर लाटा आणि प्रतिबिंब असते, नुसत्या छायाचित्रातल्या तलावावर काहीच हलत नाही.

आणखी एक गोष्ट सेटिंगमधली आहे. पडद्यावर जास्त भाग मावावा म्हणून कॅमेऱ्याचे झूम कमी ठेवले जाते. त्यामुळे धावपट्टी आहे त्यापेक्षा दूर आणि अरुंद दिसते, आणि नवशिक्याला आपण उंच आहोत की खाली याचा चुकीचा अंदाज येऊ लागतो. शेवटच्या टप्प्याचा सराव करताना झूम असे ठेवावे की धावपट्टीचा आकार खऱ्या कॉकपिटमधून दिसेल तितका दिसेल, आणि आजूबाजूला पाहण्यासाठी झूम न बदलता मान वळवण्याचे बटण वापरावे. प्रशिक्षण सुरू झाल्यावर तिच्या प्रशिक्षकांनी सांगितलेली पद्धत आणि घरच्या सिम्युलेटरची सवय यांत फरक दिसला, तर घरचा सराव काही काळ बाजूला ठेवावा.